माझ्यासमोर

कोर्टाच्या भिंतीलगत, दोन लिंबांपैकी
ज्याची सावली कमी सरकते, त्याच्याखाली माझं टेबल.
एक पाय आखूड, त्याखाली विटेची कपची.
मे महिना. शिक्क्याचा पॅड सकाळी ओला करावा
तर अकराला कोरडा.
नोटरीची तिकिटं शेंगाचटणीच्या रिकाम्या बरणीत,
झळा उडवून नेतात म्हणून.

पुतण्या आला, हेल्मेट कोपरात अडकवून.
"मॅडम, सगळं तयार आहे. अंगठा झालाय. तुम्ही फक्त शिक्का मारा."
पाचशेचा मुद्रांक, तीन पानं, कुलमुखत्यारपत्र.
विडी घरकुलातलं घर विकण्याचा, गहाण टाकण्याचा,
मोबदला घेऊन पावती देण्याचा अधिकार.
लिहून देणार: नर्सव्वा इराबत्ती, वय एकाहत्तर, धंदा विड्या वळणे.

"त्या कुठं आहेत?"
"रिक्षात. ऊन सोसत नाही त्यांना."
"इथं सावली आहे. आणा."
"पलीकडच्या टेबलावर माणूस दाखवावा लागत नाही, मॅडम."
खरं आहे. म्हणून तर तिथं रांग असते.

तो गेला तेवढ्यात मी अंगठा पाहिला.
भोवरा असा उमटलेला
की रेघ न् रेघ मोजावी.
सुंदर अंगठा.
तिथंच पेन थांबलं.

मी साखर पेठेतली. आमच्या बोळात दर उंबऱ्याला एक सूप,
सुपात पानं, तंबाखू, दोऱ्याचं रीळ,
आणि बोलता बोलता हजाराचा हिशेब पुरा करणारी बोटं.
चाळीस वर्षांनी त्या अंगठ्यांवर काही उरत नाही.
रेशनच्या दुकानातलं मशीन त्यांना ओळखत नाही,
परत ठेवा, परत ठेवा,
आणि त्या पदराला अंगठा पुसतात,
जणू चूक त्यांचीच.

ती आली. मी हात हातात घेतला.
जुन्या चार आण्यासारखा अंगठा,
ना छाप, ना आकडा.

"इदि एमि कागितम्, अव्वा?"
"कंटि आपरेशन," ती म्हणाली. डोळ्याचं.
आणि पुतण्याकडे पाहिलं,
उत्तर बरोबर आलं का, असं.

दोन हजार नऊ. नोंद क्रमांक चारशे बारा.
मल्लिनाथ बिराजदार.
वकील ओळखीचे, गड्ड्याची जत्रा, पोरं घरी तयार होऊन बसलेली.
'माझ्यासमोर सही केली' म्हणून मी शिक्का मारला.
मल्लिनाथला जाऊन तेव्हा अकरा दिवस झाले होते.
पिंजऱ्यात मला एवढंच विचारलं,
बाई, उंच होते का हो ते?
मला अजून माहीत नाही.

शाई कुणाकडेही मिळते, तिकीट कुणाकडेही.
मी विकते तो एकच शब्द,
आणि तो एकदा फुकट गेलाय.

वहीत लिहिलं: नाकारले. अंगठा जुळत नाही. अकरा पन्नास.
मग अव्वाला तेलुगूत सांगितलं, कागद कशाचा होता ते,
सावकाश, घर हा शब्द दोनदा.
पुतण्याने फाईल घडी न मोडता बंद केली
आणि पलीकडे वळला.

मीही उठले. सतरा वर्षांत पहिल्यांदा
त्या टेबलाशी गेले, रांग मोडून.
"गड्डमसाहेब, हा अंगठा तिचा नाही. मी पाहिलाय.
माझ्या वहीत आहे."
ते माझ्याकडे बघत राहिले. मग त्याच्या फाईलकडे.
शिक्का खाली ठेवला. आज तरी.

परत आले तर नर्सव्वा तिथंच,
माझ्या खुर्चीच्या कडेवर, रिक्षा निघून गेलेली.
रडत नव्हती. विचारलं फक्त,
"मरि कन्नु?"
मग डोळा?

मी चिठ्ठीवर लिहिलं: सिव्हिल, डोळ्यांचा विभाग, मंगळवार, सकाळी नऊ.
तिच्या हातात दिली आणि लक्षात आलं,
वाचणार कसं?
चिठ्ठी परत घेतली, तोंडी सांगितलं.
मंगळवारम्, तिने म्हणून पाहिलं.
मंगळवारम्,
अंगठ्याने एकेक पेर मोजत.